कागद माझ्याजवळ, पाय तुझ्याजवळ

ईशान, मुक्ता,

हे सावकाश वाचा. मुक्ताला मराठी अक्षर लावून वाचावं लागतं, म्हणून मोठं आणि सुटं लिहिलं आहे. ईशानला कंटाळा आला तर मुक्तानं त्याला फोनवर वाचून दाखवावं, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकायचं. कमलआजीच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, मध्यंतरी उजव्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता, अंगावरची चादरसुद्धा त्याला लागू देववत नव्हती. मग म्हणाला, "पण काळजी करू नको आजी, लगेच रक्त तपासलं. युरिक ॲसिड नॉर्मल आहे."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. हेच वाक्य मी आठ वर्षं म्हणत आले होते.

तुम्ही दोघं इतक्या लांबून येऊ शकला नाहीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण, जिच्या हातचं जेवून तुमचे बाबा मोठे झाले, ती कशानं गेली हे प्रत्येक जण तुम्हाला वेगवेगळं सांगेल. कुणी किडनी म्हणेल, कुणी वय म्हणेल. मला माहीत असलेलं मी क्रमानं सांगू शकले असते, आयुष्यभर शाळेत तेच केलं. पण यातलं जे मुख्य आहे ते आधी तिला सांगायला हवं होतं. म्हणून मी तिच्याशीच बोलते. तुम्ही ऐका.

कमल, पाहुणे गेले. घर आवरून झालं. तुझी खाट उचलून भिंतीला लावली, संध्याकाळी पुन्हा खाली घातली, आज परत उचलली. जालन्यातल्या मस्तगडच्या या घरात आता मी एकटी आहे आणि खाट कुठं असावी हे मला ठरवता येत नाही. थकवा आलाय. रडू येत नाही, नुसता थकवा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वैनी, बसा आता. घर काय पळून चाल्लं का?"

कुठून सुरुवात करू? पिंपळगावापासून करते.

दर नवरात्रात तू पिंपळगाव रेणुकाईला जायचीस. गावातल्या घरी घट बसायचे, आणि तू नऊ दिवस अनवाणी. उपवास तर असायचाच, एक वेळ थोडी भगर. त्याहून वाईट म्हणजे तू पाणी प्यायची नाहीस. देवीपुढचा दिवा अखंड तेवत ठेवायचा, पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की दिव्याकडं दुर्लक्ष, असा तुझा हिशेब. पाय पहिल्यांदा सुजला त्या वर्षी मी पाचव्या माळेला गावी आले, तर तू दिव्यापुढं पाय लांब करून बसलेली. अंगठा वांग्यासारखा झालेला. मी दारातूनच म्हणाले, "बघितलंस? हे अनवाणी फिरण्याचे परिणाम."

तू पाय न हलवता म्हणालीस, "वैनी, आख्ख्या गावातल्या बाया अनवाणी हायेत. मंग माझाच पाय कसा काय सुजला?"

प्रश्न बरोबर होता. इंग्रजीत एम. ए. झालेल्या बाईला त्याचं उत्तर देता आलं नाही, म्हणून तिनं आवाज चढवला. मी म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे. तू म्हणालीस, देवी परीक्षा बघून राह्यली. आपण दोघी पुढं कितीतरी वर्षं याच मुद्द्यावर भांडलो, आणि दोघींपैकी एकीलाही खरं कारण माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुला गाडीत घालून जालन्याला आणलं. डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासायला सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला. मी घरी येऊन तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला, 'नॉर्मल'खाली लाल पेनानं पट्टी धरून रेघ मारली आणि तुझ्या नावाची नवी फाईल उघडली. पहिलं पान तेच.

त्या फाईलची तू किती चेष्टा केलीस! तारखेप्रमाणे कागद, पुढं अनुक्रमणिका, गोळ्यांचा तक्ता. "माझ्या पायाचं दप्तर," म्हणायचीस. दवाखान्यात डॉक्टरांनी काही विचारलं की माझ्याकडं बोट दाखवायचीस, "त्यान्ला इचारा. माझा पाय त्यांच्या पिशवीत हाय." डॉक्टर हसायचे. फाईल चाळून एक जण म्हणाले होते, "मॅडम, सगळेच असे कागद आणतील तर आमचं निम्मं काम होईल." मला ते फार आवडलं होतं. आज कबूल करते, तुझ्या दुखण्यापेक्षा त्या दिवशी मला माझी फाईल जास्त दिसत होती.

पाय पुन्हा सुजला. पुढच्या नवरात्रात सुजला, मग एकदा उन्हाळ्यात, मग घोटा, मग पावलाच्या मधलं. एकानं संधिवात म्हटलं, एकानं हाडं ठिसूळ म्हटलं, एकानं वजन. मी प्रत्येकासमोर फाईल उघडायचे आणि त्यांनी विचारायच्या आत सांगायचे, "युरिक ॲसिड बघितलंय. नॉर्मल आहे."

एक प्रसंग तुला माहीत नाही. तू बाहेर बाकावर बसली होतीस. आत ते म्हातारे डॉक्टर चिठ्ठीवर तपासण्या लिहीत होते, आणि पहिलीच तपासणी त्यांनी युरिक ॲसिड लिहिली. मी वाकून वाचलं. म्हणाले, "सर, ते झालंय." आणि पहिलं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी लाल रेघ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि चिठ्ठीवरचा तो शब्द खोडला. कमल, मी तो शब्द खोडायला लावला. मी नसते, नुसती तू एकटी गेली असतीस तुझ्या पिशवीत काही नसताना, तर त्या दिवशी तुझं रक्त पुन्हा काढलं गेलं असतं.

मग दुखण्याच्या गोळ्या. त्या मीच द्यायचे. जेवणानंतर, घड्याळ बघून, तक्त्यात खूण करून. तू म्हणायचीस, "द्या जल्दी, भाकरी टाकायच्यात." त्या गोळीवर उभी राहून तू भाकरी टाकायचीस. मी शाळेतून आले की ताट वाढलेलं असायचं. तीस वर्षं मी वेळेवर शाळेत पोहोचले, मुलांना निबंध शिकवले, मुख्याध्यापिका झाले, ते या घरात कुणीतरी दोन पायांवर उभं होतं म्हणून. निरोप समारंभात मी सगळ्यांचे आभार मानले. तुझं नाव घ्यायचं राहिलं असं नव्हे. सुचलंच नाही.

आणि स्वयंपाकघरातलं ते बोलणं. तुझ्या लक्षात होतं की नाही, माहीत नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी दोनदा तो विषय काढायला गेले आणि दोनदा दुसरंच काही बोलले. त्या दिवशी चौथ्या डॉक्टरांकडूनही काही सापडलं नव्हतं. तू ओट्याला धरून एका पायावर उभी होतीस. मी दमून आले होते. म्हणाले, "कमल, कागदात काही नाही. सारखं त्या पायातच मन घालून बसतेस, म्हणून दुखतं."

तू परात खाली ठेवलीस. रागावली नाहीस, तेच लागलं मला.

"कागद तुमच्याजवळ हाय, वैनी," म्हणालीस. "पाय माझ्याजवळ हाय."

मग परात उचलून पीठ मळायला लागलीस.

त्यानंतर चार वर्षांनी संभाजीनगरच्या त्या डॉक्टरीण बाई भेटल्या. आपल्या मुक्ताहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी नेहमीप्रमाणे फाईल पुढं केली आणि माझं वाक्य म्हणाले. त्यांनी पहिलं पान बराच वेळ बघितलं.

"हे रक्त कधीचं? पाय सुजलेला होता तेव्हाचं?"

"हो, लगेच दुसऱ्या दिवशी नेलं होतं," मी अभिमानानं म्हणाले.

"आणि सूज उतरल्यावर पुन्हा?"

"पुन्हा कशाला? नॉर्मल होतं."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, अंगठा पेटलेला असतो तेव्हा रक्तातलं युरिक ॲसिड कधीकधी कमी दिसतं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं असतं." मग तुझ्याकडं वळल्या. "आजी, उपास करता का? पाणी किती पिता? बीपीची कोणती गोळी?" तू नवरात्राचं सगळं सांगितलंस. त्यांनी मान डोलावली. उपाशी राहणं, पाणी तोडणं, वरून ती लघवी वाढवणारी बीपीची गोळी. तिन्ही गोष्टींनी हे दुखणं उसळतं म्हणाल्या.

तू एकदम विचारलंस, "अन् अनवाणी?"

"अनवाणीचं काही नाही आजी."

तू माझ्याकडं असं बघितलंस! "ऐकलं का वैनी? डॉक्टरनी चपलेचं नावबी घेतलं न्हाई. दर साली माझ्यामागं चपला घेऊन पळू राह्यल्या तुम्ही."

त्या दिवशीच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त आलं. पण बाईंना खात्री हवी होती, कारण तुझं दुखणं अंगठ्यापुरतं राहिलं नव्हतं आणि आधी कुणी संधिवाताच्या जड गोळ्याही देऊन बघितल्या होत्या. सुईनं सांध्यातलं पाणी काढून बघणं सगळ्यात पक्कं, पण तेव्हा सूज नव्हती, पाणी मिळालं नसतं. म्हणून त्यांनी ड्युअल एनर्जी सीटी सांगितलं. तू विचारलंस ते काय असतं. त्यांनी तुला जे सांगितलं तेच मला अजून पाठ आहे. "आजी, मीठ आणि खडीसाखरेचा चुरा लांबून सारखाच दिसतो ना? हे यंत्र तुमच्या पायाकडं दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांनी बघतं. हाडाचं उत्तर एक येतं, युरिक ॲसिडच्या खड्यांचं दुसरं. मग कॉम्प्युटर खड्यांना हिरवा रंग देतो."

"म्हंजे चाखून बघतं म्हणा की," तू म्हणालीस.

त्या खोलीत मला काचेच्या अलीकडं थांबवलं होतं. टेबलावर तू आडवी, आणि टेबल सरकून तुझे पाय त्या पांढऱ्या मोठ्या कड्यात गेले. आतला माणूस सांगत होता, "मावशी, हलू नका." दहा मिनिटंही लागली नाहीत. सुई नाही, काही नाही. बाहेर आलीस तर हसत होतीस. नवरा गेला तेव्हा पायातली जोडवी उतरवली होतीस, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. म्हणालीस, "वैनी, पस्तीस सालानं पायात जोडवं आलं. अन् केवढं ते!"

मी हसले. आज लिहिताना हसू येत नाही.

मग पडद्यावर तुझा पाय आला. हाडं निळसर, आणि त्यांच्यामध्ये हिरवं. अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या मधल्या सांध्यांत, घोट्याच्या मागं जाड शिरेला चिकटून. शेवाळ धरावं तसं. आठ वर्षं मी ज्याला काही नाही म्हणत होते ते हे. तुझं बोट मला आठवलं. स्वयंपाकघरात तू इथं दुखतं, इथं दुखतं म्हणून दाखवायचीस, बरोबर त्याच जागा हिरव्या होत्या. एकही जागा तू खोटी दाखवली नव्हतीस.

तू पडद्याजवळ जाऊन, चष्मा सारखा करून बघत होतीस. "हे नखाजवळबी हिरवं हाय. तिथं तर बिलकुल दुखत न्हाई."

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "बरोबर पकडलंत आजी. नखांजवळचं हिरवं खरं नाही. तिथं यंत्र चुकतं. ते आम्ही धरत नाही."

तू माझ्याकडं वळलीस. माझा चेहरा तेव्हा कसा झाला होता कोण जाणे.

"घ्या," म्हणालीस. "एवढी कोटीची मशीन चुकती. मंग तुम्ही कशाला इतकं मनाला लावून घेता, वैनी?"

कमल, तू तेव्हाच सोडून दिलंस. मी माफी मागायच्या आतच. आणि मी काय केलं? मी बाईंना विचारलं, "फिल्मची एक जादा प्रत मिळेल का? फाईलसाठी."

त्यानंतरचे दिवस बरे होते, तेवढं मान्य करायला हवं. खडे विरघळवणारी गोळी सुरू झाली, बीपीची गोळी बदलली. सुरुवातीला पाय उलट जास्त दुखला, तेव्हा तू गोळी फेकून देणार होतीस. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी तुला धरून ठेवलं. या एका बाबतीत मी बरोबर होते, हे लिहून ठेवते. वर्षानं पुन्हा चित्र काढलं तर हिरवं निम्म्याहून कमी. त्या नवरात्रात तू पाण्याचा तांब्या दिव्याशेजारी घेऊन बसलीस. दर वेळी उठताना गावातल्या पोरींना हाक मारायचीस, "दिव्याकडं बघा गं, डॉक्टरनी पाणी सांगितलंय." अनवाणी देवळाच्या पायऱ्या चढलीस, कठड्याला न धरता. मी चपला हातात घेऊन खाली उभी होते. वरून ओरडलीस, "बघून घ्या वैनी, देवीनं पाय दिला परत!"

"देवीनं नाही, गोळीनं," मी खालून म्हणाले.

"अन् त्या बाईकडं आपल्याला कोणी नेलं मंग?"

याचं उत्तरही राहिलंच आहे. भांडण तिथंच थांबलं. आता माझी बाजू मी एकटीनं मांडून काय उपयोग?

किडनीचं तेव्हाच कळलं होतं. आकडा आधीपासून वर होता, नंतर चढतच गेला. शेवटचे सात महिने डायलिसिस. तू तक्रार केली नाहीस. नुसती बारीक होत गेलीस. एकदा तुला आत घेतलं तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "त्या दुखण्याच्या गोळ्यांमुळं झालं का हे? इतकी वर्षं मी दिल्या." त्यांनी तुझे रिपोर्ट उलटून बघितले. मग म्हणाले, "एकट्या गोळ्यांमुळं असं नाही म्हणता येणार. बीपी होता, युरिक ॲसिडही इतकी वर्षं होतं." मी म्हणाले, "पण गोळ्यांनी भर घातली?" ते म्हणाले, "भर घातली असणार."

हे मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. बाहेर आले तर म्हणालीस, "काय म्हंतेत? फाईलीत लावलं का?" मी म्हणाले, "लावलं." ते खोटं होतं. ते कुठल्या कागदावर नव्हतंच.

तू गेलीस त्या सकाळी मी तुझे पाय चोळत होते. दोन्ही पाय साधे होते. कुठं सूज नाही, लाली नाही. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच इतका वेळ हातात धरले होते. तेव्हा म्हणता आलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो. मी तुला विचारलं, "पाणी देऊ का?" आणि तू मान हलवलीस.

ईशान, आता तू ऐक. सूज उतरून तीन आठवडे झाले की पुन्हा रक्त तपासून घे. डॉक्टरांना सांग, माझ्या आजोबांच्या सख्ख्या बहिणीला हा आजार होता आणि तिचाही पहिला रिपोर्ट नॉर्मल होता. आजोबांचाही अंगठा सुजायचा. ते मिठाच्या पाण्यात पाय घालून बसायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. दुखण्याची गोळी मनानं घेऊ नकोस. कुणी म्हणालं, एकदा झालंय, पुन्हा कशाला, तर त्याला हे पत्र वाचून दाखव. तुझा पाय काय म्हणतो ते आधी ऐक. कागद नंतर.

कमल, तुझ्या वस्तू फारशा ठेवल्या नाहीत. लुगडी गावी दिली, परात मी वापरते आहे. चपलांचे न घातलेले जोड वाटून टाकले. फाईल कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. हिरवं चित्र शेवटच्या पानात आहे. पहिल्या पानावर तोच जुना कागद आहे आणि 'नॉर्मल'खालची माझी लाल रेघ तशीच आहे, मी ती खोडली नाही. तिच्याखाली काल लिहिलं: सूज असताना काढलेलं रक्त. धरू नये. चूक माझी. खाली माझी सही आहे.